वास ओळखण्यास वेळ किती?

आंबेमोहोर तांदूळ चुलीवर शिजूं लागला कीं घरांतलें जाणतें माणूस पातेल्याचें झांकण न काढतां तांदळाची जात सांगतें. वाण्यानें त्यांत दुसरा एखादा वासाचा तांदूळ मिसळला असेल, तर मात्र तें क्षणभर थांबतें, पुन्हां हुंगतें आणि मग बोलतें. हा क्षणभराचा थांबा मेंदूंत कशासाठीं खर्च होतो? पुण्यास पाषाण भागांतील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत मज्जासंस्थेच्या व्यापारांचें संशोधन करणारे डॉ. निक्सन अब्राहम यांच्या विद्याव्यासंगाचा मोठा भाग याच एका प्रश्नाच्या मागोव्यांत गेला आहे.

प्रश्नाची सुरुवात घड्याळापासून झाली. २००३ सालीं अमेरिकेंतील दोघां संशोधकांनीं मोठ्या जातीच्या उंदरांवरून असें दाखविलें कीं, वास सोपा असो वा अवघड, निवाडा एका हुंगण्यांतच होतो. अधिक वेळ घेऊन विशेष कांहीं साधत नाहीं. अब्राहम त्या सुमारास जर्मनींत हायडेलबर्गच्या माक्स प्लांक वैद्यकीय संशोधन संस्थेंत काम करीत होते. तेथें लहान जातीच्या तहानलेल्या उंदरांना असें शिकविण्यांत आलें: भोंकांत डोकें घालावें; एक वास आला तर चाटावें, म्हणजे पाण्याचा थेंब मिळेल; दुसरा आला तर मागें सरावें, कारण तेथें मिळावयाचें कांहीं नाहीं. डोकें केव्हां मागें गेलें याची नोंद एका प्रकाशकिरणाच्या साह्यानें होई. दोन निराळे वास उंदीर झटकन् ओळखीत. दोन वासांचीं जवळजवळ सारखीं मिश्रणें दिलीं, तेव्हांहि चुका फारशा होईनात. परंतु निवाड्यास सेकंदाचे ७० ते १०० सहस्रांश अधिक लागूं लागले. अचूकपणा टिकला होता, पण त्याची किंमत वेळांत द्यावी लागत होती. हें संशोधन २००४ सालीं ‘न्यूरॉन’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. सेकंदाच्या दहाव्या भागासाठीं इतका खटाटोप कशाला, असें कोणा श्रोत्यास वाटेल; त्यानें मांजराची चाहूल लागलेल्या उंदरास विचारावें.

नाकांतून निघालेले संदेश प्रथम मेंदूच्या पुढल्या टोकाशीं असलेल्या एका लहानशा गड्ड्यांत पोंचतात. त्याला घ्राणकंद म्हणतात. तेथें संदेश पुढें नेणाऱ्या पेशी थोड्या, आणि त्यांना लगाम घालणाऱ्या पेशी फार. लगाम अधिक आंवळला तर काम मंदावेल, असें व्यवहारबुद्धि सांगते. २०१० सालीं अब्राहम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आनुवंशिक तंत्रानें या लगाम घालणाऱ्या पेशींतील एक घटक काढून त्यांचा जोर वाढविला, तों उंदीर सारखे वास पूर्वीपेक्षां लवकर ओळखूं लागले! दुसरा एक घटक काढून तोच जोर कमी केला, तेव्हां त्यांना अधिक वेळ लागला. शिकण्यांत किंवा स्मरणांत मात्र फरक पडला नव्हता. दोन वासांतील समान भाग दबला म्हणजे भेद लवकर वर येतो, असा याचा अर्थ.

पुढें जिनीव्हा येथें जागृत उंदरांच्या घ्राणकंदाचें चित्रण करण्यांत आलें. नुसता वास दरवळत ठेवला तर कांहीं बदल होत नसे. त्या वासावरून बक्षीस मिळवावयास जे उंदीर शिकले, त्यांच्यांत मात्र नाकाकडून येणारा संदेशच बळावला आणि कित्येक आठवडे तसा राहिला. २०१४ सालीं हें काम प्रसिद्ध झालें. शिक्षणाचा ठसा मेंदूच्या अगदीं उंबरठ्यावर उमटतो, ही गोष्ट खरोखर विलक्षण आहे.

पुण्यास त्यांनीं स्वतःची प्रयोगशाळा उभारली व उंदरांचें काम चालूं ठेवलें. २०२० सालीं करोनाची सांथ आली. वास जाणें हें तिचें एक लक्षण असल्याचें लवकरच कळून आलें. पण विचारावयाचें कोणाला? रोग्यालाच, आणि नाकाच्या बाबतींत मनुष्याची साक्ष फार कच्ची. डोळ्यांस दिसेनासें झालें तर तत्काळ कळतें. घ्राणशक्ति अर्धी उणी झाली तर भाजी बेचव लागते एवढेंच, आणि दोष स्वयंपाक करणारीच्या माथीं जातो.

वास मोजून, ठरल्या क्षणीं सोडण्याची विद्या या प्रयोगशाळेच्या अंगवळणीं पडलेली होती. तिच्या आधारें माणसांसाठीं एक यंत्र तयार झालें. त्यांत दहा वास, आणि प्रत्येकाची तीव्रता कमीजास्त करण्याची सोय. रोग्यानें सांगावयाचें तें इतकेंच: वास आला कीं नाहीं, आणि एकामागून एक दिलेले दोन वास एकच होते कीं भिन्न. ससून रुग्णालयाच्या शेजारच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांच्या सहकार्यानें तपासणी झाली व निष्कर्ष त्याच वर्षीं प्रसिद्ध झाले. अंगांत रोग असून ज्यांना आपण धडधाकट आहों असें वाटत होतें, त्यांच्यापैकीं बहुतेकांची घ्राणशक्ति उणावलेली आढळली. नुसतें विचारून तें समजलें नसतें, मोजल्यावर समजलें.

त्यानंतर बरे झालेल्यांचीहि तपासणी करण्यांत आली. वासांसंबंधीं नवें कांहीं शिकण्याची शक्ति मात्र रोग गेल्यावरहि उणीच राहिलेली दिसली.