जहाजाचे सुकाणू





समुद्रापासून इतक्या दूर, दौलतगंजात, सुकाणूवर बोलण्यास एक घरचेच निमित्त आहे. १९१४ च्या अखेरीस महाराज माधवराव शिंदे यांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज विकत घेतले, त्याचे नाव ‘लॉयल्टी’ ठेवले आणि पहिल्या महायुद्धात ते हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज झाले. युद्धानंतर ते वालचंद हिराचंद व त्यांच्या भागीदारांनी घेतले. त्यांच्या ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ कंपनीच्या नावातले शिंदे ते हेच. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आपण राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळतो.

सुकाणू जहाजाची नाळ वळवते, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः ते पिछाडी ढकलते. सुकाणूचे पाते उजवीकडे वळले की त्याच्या उजव्या अंगावर पाण्याचा दाब वाढतो, डाव्या अंगावर घटतो आणि पिछाडी डावीकडे सरकते. म्हणून नाळ उजवीकडे येते. मग सबंध जहाज पाण्यात तिरपे होते, त्याच्या कुशीवर पाणी दाब देऊ लागते आणि वळण्याचे पुष्कळसे काम तो दाबच करतो. एवढेसे पाते एवढ्या थोरल्या जहाजाला वळवते, त्याचे इंगित हे आहे. पाते सुमारे ३५ अंशांपलीकडे सहसा फिरवीत नाहीत; अधिक तिरपे केले की पाण्याचा प्रवाह त्याच्या पाठीपासून सुटतो आणि जोर उलट कमी होतो.

लहान नावेत पात्याला दांडा असतो. तो डावीकडे ओढला की नाव उजवीकडे वळते. चक्र आल्यावरही जुन्या ब्रिटिश जहाजांवर हुकूम दांड्याच्याच हिशेबाने देत. ‘उजवे’ म्हटले की जहाज डावीकडे जाई! ही उलटी रीत १९३० नंतरच्या काही वर्षांत बंद झाली. ‘लॉयल्टी’च्या काळात ती चालू होती.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. पात्यावरून पाणी वाहिले तरच सुकाणू चालते. वेग निम्मा झाला की पात्याचा जोर एक-चतुर्थांशावर येतो, आणि जहाज थांबले की ते केवळ लोंबते पत्र्याचे दार. म्हणूनच पाते पंख्याच्या मागे बसवतात, म्हणजे पंख्याचा झोत थेट त्यावर येतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार पूर्ण वेगात पाते एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांवर २८ सेकंदांत फिरले पाहिजे. मात्र पाते फिरले म्हणजे जहाज वळले असे नव्हे.

२६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या ‘डाली’ या सुमारे ३०० मीटर लांबीच्या मालवाहू जहाजावरची वीज गेली. पंखा थांबला, त्याचा झोत थांबला आणि सुकाणूचा प्रभाव ओसरला. नांगर टाकला, तोही अपुरा पडला. पुढच्या सुमारे चार मिनिटांत जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. मार्गदर्शकाने वेळीच दिलेल्या इशाऱ्यामुळे पोलिसांनी वाहने अडवली. परंतु पुलावर रस्तादुरुस्ती करणारे सहा कामगार मरण पावले.

धक्क्यावरून जहाज बाहेर काढणाऱ्या ओढनौका त्यापूर्वीच परतल्या होत्या. तशी तेथील नेहमीचीच रीत होती. माझे मत विचाराल, तर एवढे जहाज पुलाखालून पार होईपर्यंत ओढनौका सोबत असावी. तिचे भाडे कोणी द्यावे, यावर बंदर आणि जहाजमालक यांनी खुशाल भांडावे.