साधन निवडताना : त्रास किती, धोका किती आणि निर्णय कोणाचा
(रेल्वे व टपाल कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता, बदल्या, बोनस, रिक्त जागा यांवर आपल्या सभांतून भरपूर बोलले जाते आणि ते बोलले जायलाच हवे. आज आम्ही महिला समितीच्या वतीने जो विषय घेऊन उभ्या आहोत, तो मात्र व्यासपीठावर सहसा येत नाही. क्वार्टरच्या मागच्या दारी दोन बायका हळू आवाजात जे बोलतात, तेवढेच त्यावर बोलणे होते. पाळणा लांबवायचा किंवा थांबवायचा तर कोणते साधन घ्यावे, त्याचा त्रास काय होतो आणि तो त्रास कसा तोलावा, हा आजचा विषय आहे.

हा संघटनेचा विषय कसा, असे काही बंधू विचारतील. मूल केव्हा होणार आणि किती होणार, याचा संबंध घरातल्या पगाराशी, रजेशी, बाईच्या प्रकृतीशी आणि तिच्या नोकरीशी आहे. ज्याचा आपल्या शरीराशी आणि आपल्या रोजीरोटीशी संबंध आहे तो प्रश्न संघटनेचाच आहे.

मराठी माणसाला तर हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. या कामापायी त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. लोकांना माहिती मिळाली पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता. पुढे १९५२ साली भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. पण आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. ठिकठिकाणी सरकारी नोकरांचे पगार आणि बढत्या नसबंदीच्या कोट्याशी बांधल्या गेल्या. आपल्या खात्यांतल्या जुन्या माणसांच्या तोंडून या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. माहिती लपवली तर माणसाचे नुकसान होते आणि संमतीवाचून साधन लादले तरी नुकसानच होते. म्हणून माहिती पुरी हवी आणि निर्णय आपला हवा. आज आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच.

आता साधनांकडे वळू. प्रथम एक हिशेब ध्यानात घ्या. शंभर जोडप्यांनी वर्षभर कोणतेच साधन वापरले नाही, तर सुमारे ८५ जणींना दिवस जातात. निरोध वापरला, पण माणसाच्या स्वभावाप्रमाणे कधी विसरून, कधी कंटाळा करून, तर सुमारे १३ जणींना. गोळी घेतली, पण मधूनमधून चुकली, तर सुमारे ७ जणींना. तीन महिन्यांच्या इंजेक्शनात सुमारे ४ जणींना. तांबी आणि ऑपरेशन यांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. म्हणजे जे साधन रोज आठवणीवर अवलंबून आहे ते जास्त फसते. ज्या घरात आठवड्याला ड्यूटी बदलते, रात्रपाळी असते, तिथे हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

तांबी, म्हणजे कॉपर टी, गर्भाशयात बसवतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. एक जात दहा वर्षे चालते, दुसरी पाच वर्षे. मूल हवे झाले की काढून टाकता येते. पहिले तीन ते सहा महिने पाळीत अंगावरून जास्त जाते आणि ओटीपोटात दुखते. ज्या बहिणीच्या अंगात आधीच रक्त कमी आहे तिने हे डॉक्टरांना आधी सांगावे. तांबी पोटात फिरते, काळजापर्यंत जाते, असे बायका एकमेकींना सांगतात. ते खरे नाही. क्वचित ती आपोआप निघून पडते, म्हणून तिचा दोरा कसा तपासायचा ते बसवतानाच विचारून घ्यावे.

गोळ्यांमध्ये सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी माला-एन आपल्या परिचयाची आहे. एका पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या असतात. पहिले दोन-तीन महिने मळमळ, डोकेदुखी, स्तन दुखणे, मधेच डाग पडणे हा त्रास होतो आणि बहुतेकींचा तो पुढे कमी होतो. पण ही गोळी सर्वांसाठी नाही. जिचा रक्तदाब जास्त आहे, जिच्या पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली आहे, जिला यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग आहे, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठते, जी पस्तिशीच्या पुढे असून विडी-सिगारेट ओढते, तिने ही गोळी घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईनेही बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घेऊ नये. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिन नावाचे औषध असते. त्याने गोळीचा परिणाम कमी होतो. फिटच्या काही औषधांनीही तसेच होते. घरात असे औषध चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता गोळीवर विसंबू नका.

‘छाया’ ही दुसरी गोळी आपल्याच देशात, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्यात माला-एनसारखी संप्रेरके नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा ती घ्यायची. तिने काही जणींची पाळी लांबते. हे आधी ठाऊक नसले की बाई घाबरते. पाळी फारच लांबली तर गरोदरपणाची तपासणी करून घ्यावी.

‘अंतरा’ हे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आले. दर तीन महिन्यांनी ते घ्यायचे. पाळी अनियमित होते, अनेकींची पुढे बंदच होते, काहींचे वजन वाढते. इंजेक्शन थांबवल्यावर पुन्हा दिवस जायला बरेच महिने लागू शकतात. ते अंगात गेल्यावर परत काढता येत नाही, म्हणून घेण्यापूर्वीच पुरा विचार हवा. इंजेक्शनांच्या प्रश्नावर देशातल्या स्त्री संघटना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. पुरी माहिती न देता प्रयोग होऊ नयेत, हे त्यांचे म्हणणे आजही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

निरोध साधा, स्वस्त आणि जवळजवळ बिनत्रासाचा. एड्स आणि इतर गुप्तरोगांपासून रक्षण करणारे या यादीतले तेवढे एकच साधन आहे. घटना घडून गेल्यावर ७२ तासांच्या आत घेण्याची गोळीही मिळते. पण ती अडचणीची गोळी आहे, नेहमीचे साधन नव्हे.

आता मुख्य प्रश्न : दुष्परिणाम तोलायचे कसे? रेल्वेतल्या बंधूंना सांगायला नको की पिवळा सिग्नल आणि लाल सिग्नल यांत फरक असतो. मळमळ, डाग पडणे, पाळी मागेपुढे होणे हा पिवळा सिग्नल आहे. जपून राहा, दोन-तीन महिने पाहा, त्रास सोसवत नसेल तर साधन बदला. पायाची पोटरी सुजून दुखणे, छातीत कळ, दम लागणे, अचानक जबर डोकेदुखी, दिसेनासे होणे, तांबी असताना ताप येऊन ओटीपोटात सडकून दुखणे किंवा पाळी चुकणे हा लाल सिग्नल आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शिवाय साधनाचा धोका एकटा मोजून चालत नाही. साधन न घेतल्याचा धोका त्याच्या शेजारी ठेवला पाहिजे. गोळीने रक्ताची गाठ होते ही भीती खरी आहे. पण आकडे पाहा. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला १ ते ५ जणींना अशी गाठ होते. गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गरोदरपणात ५ ते २० जणींना, आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत तर त्याहूनही जास्त. म्हणजे गोळीने धोका वाढतो हे खरे आणि नको असलेल्या गरोदरपणाने तो अधिक वाढतो हेही खरे. ही दोन्ही वाक्ये जो सांगतो त्याचाच सल्ला घ्यावा. जो नुसता ‘काही होत नाही’ म्हणतो आणि जो नुसती भीती घालतो, ते दोघेही आपल्याला अर्धे सांगतात.

आम्ही असे पाहतो की, तांबीने सुरुवातीला रक्त जास्त जाईल हे जिला आधी सांगितले जाते, ती धीर धरते किंवा वेळेवर दाखवायला येते. जिला सांगितले जात नाही ती घाबरून तांबी काढून टाकते, किंवा गप्प बसून अंगातले रक्त घालवते. त्रास दोघींना सारखाच असतो. फरक पडतो तो माहितीने.

आता बंधूंनो, तुमच्याकडे वळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या शंभर विवाहित स्त्रियांमागे सुमारे ३८ जणींनी स्वतःचे ऑपरेशन करून घेतलेले आढळले. नवऱ्याने नसबंदी केलेल्या मात्र हजारात ३. बाईचे ऑपरेशन पोटाचे असते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून काही मिनिटांत होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. दोन दिवसांनी हलके काम करता येते. अवजड काम आणि सायकल मात्र आठवडाभर नको. ट्रॅकवरच्या आणि बीटवरच्या बंधूंनी हे लक्षात ठेवावे. तिने पुरुषत्व जात नाही, ताकद जात नाही. काही दिवस सूज, दुखणे आणि क्वचित जंतुसंसर्ग एवढा त्रास संभवतो. थोड्या जणांचे दुखणे लांबते, तेही आम्ही लपवत नाही. ऑपरेशननंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचे. ते न केल्यामुळे दिवस गेले तर बायकोवर संशय घेऊ नका. पुरुषाचे असो की बाईचे, ऑपरेशन कायमचे समजूनच करावे. पुन्हा जोडणे अवघड असते.

शेवटी हक्कांविषयी. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच दिवशी ८३ स्त्रियांवर घाईघाईने शस्त्रक्रिया झाल्या आणि दहाहून अधिक जणी दगावल्या. त्यानंतर २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत असा आदेश दिला आणि संमती ही समजून दिलेली असली पाहिजे हे बजावले.

आपल्यापैकी कितीतरी जण इटारसी, खरगपूर, सिकंदराबाद अशा ठिकाणी नोकरीला आहेत. तिथे नर्स एका भाषेत बोलते, कागद दुसऱ्या भाषेत असतो आणि आपली गावाकडून आलेली बहीण फक्त मराठी जाणते. तिने न कळता अंगठा उठवला तर ती संमती नव्हे. ‘मला समजेल अशा भाषेत सांगा’ असे म्हणण्याचा तिला हक्क आहे. अशा वेळी शाखेतल्या कोणीतरी भगिनीने बरोबर जावे, ही आमची प्रत्येक शाखेला विनंती आहे. नसबंदीसाठी जोडीदाराची सही सक्तीची नाही. साधन फसून दिवस गेलेच, तर १९७१ च्या कायद्याने आणि त्यातील २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची सही त्याला पुरते.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना नसबंदीसाठी, तांबी बसवण्याच्या दिवसासाठी आणि पत्नीच्या ऑपरेशननंतर तिच्याकडे पाहण्यासाठी विशेष नैमित्तिक रजेची तरतूद आहे. त्यासाठी आपली खात्यावरची रजा खर्च करू नका. शाखेत परिपत्रक पाहा आणि अर्ज लिहूनच द्या. ग्रामीण डाकसेवकांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी शाखेशी बोलावे. ऑपरेशनचे प्रमाणपत्र आणि सर्व कागद जपून ठेवा. ऑपरेशन फसल्यास भरपाईची सरकारी योजना आहे, पण कागदावाचून तिथे कोणी ऐकत नाही.

दवाखान्यात जाताना पाच प्रश्न पाठ करून जा : हे साधन किती दिवस चालते? किती जणींत फसते? पहिल्या तीन महिन्यांत काय त्रास होईल? कोणत्या त्रासाला लगेच यायचे? आणि नको वाटले तर बंद कसे करायचे? या पाचांची उत्तरे मिळेपर्यंत सही करू नका. पुढच्या सभेपूर्वी प्रत्येक शाखेने हे प्रश्न लिहून सूचना फलकावर लावावेत, आणि प्रत्येक बंधूने घरी जाऊन, ‘तुला या साधनाचा काही त्रास होतो का?’ एवढे एकदा विचारावे. पगाराच्या स्लिपमधली चूक आपण लगेच पकडतो. घरातल्या माणसाच्या दुखण्याकडेही तितकेच लक्ष असावे, एवढीच विनंती करून आम्ही थांबतो.