गाडी चालू होत नाही? आधी निदान, मग खर्च
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावावर बोलून झाले, कर्जावर बोलून झाले. आता आम्ही बोलणार आहोत ते तुमच्या अंगणात उभ्या असलेल्या जुन्या पिकअपवर. कोणी म्हणेल, शेतकऱ्यांच्या बैठकीत इंजिनाचे काय काम? काम आहे.

१९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. आपल्या वावरातला कापूस आपल्या मर्जीने विकायला आणि राज्याबाहेर न्यायला बंदी आली. राजुरा-कोरपन्याच्या शेतकऱ्याला राज्याच्या सीमेपलीकडे आदिलाबादचा बाजार होता, पण तिकडे जाणारी बंडी अडवली जायची. २००० सालानंतर ती योजना मोडीत निघाली. आज वरोरा, हिंगणघाट, आदिलाबाद, जिथे भाव बरा तिथे कापूस नेण्याची मोकळीक आहे. पण ही मोकळीक वापरायची तर दारातली गाडी चालू झाली पाहिजे. ऐन वेचणीत गाडी बसली की खेडा खरेदीवाला दारात येतो. मग भाव त्याचा आणि काटाही त्याचाच. इकडे गडचिरोली, चामोर्शी, अहेरीकडे तर रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायलाही हीच गाडी असते.

अशा वेळी आपण काय करतो? मिस्त्रीला निरोप धाडतो. तो अंदाजाने बॅटरी बदलायला सांगतो, मग सेल्फ, मग पंप. दुखणे हल्याला आणि इंजेक्शन पखालीला! शेवटी निघते काय, तर फिल्टरमध्ये पाणी. सगळे मिस्त्री लुबाडतात असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याला आपल्या गाडीचे दुखणे सांगता येत नाही, त्याने बिलाबद्दल तक्रार कशाच्या जोरावर करावी?

इंजिनाला लागते काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत इंजिन चालवून दाखवले, त्याचे तत्त्व आजही तेच आहे. सिलिंडरमधली हवा दाबून विसाव्या भागाच्या आसपास आणली की ती पाचशे अंशांपर्यंत तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेटतो. म्हणजे चार गोष्टी हव्यात: इंजिन जोरात फिरले पाहिजे, डिझेल पोचले पाहिजे, हवा मिळाली पाहिजे आणि दाब टिकला पाहिजे. चारही ठीक असतील तर गाडी चालू होतेच. होत नसेल, तर चारांपैकी एक तरी कमी आहे. ती कोणती, एवढेच शोधायचे. शोध स्वस्ताकडून महागाकडे करायचा आणि एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

सुरुवातीला गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा.

पहिली परीक्षा: कानाने

हेडलाइट लावा आणि किल्ली फिरवा. लाइट एकदम मंदावले आणि नुसते ‘टक’ झाले किंवा इंजिन रडत रडत फिरले, तर बॅटरीकडे जा. लाइट लख्ख राहिले आणि काहीच आवाज नाही, तर सेल्फ, त्याचा सोलेनॉइड किंवा किल्लीपासूनची वायर बघा.

बॅटरीकडे जायचे म्हणजे लगेच नवी घ्यायची नाही. आधी टर्मिनल बघा. त्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर गरम पाण्याने धुवा, पॉलिश पेपरने घासा, आवळून बसवा, वरून व्हॅसलिन लावा. सोडताना आधी वजा बाजू काढायची, जोडताना ती शेवटी लावायची. इंजिनापासून चॅसीला जाणारी अर्थिंगची पट्टी हमखास विसरली जाते. आपल्याकडच्या पावसाने ती गंजते आणि दोष बॅटरीच्या माथी जातो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बॅटरीचे पाणी आटते. ज्या बॅटरीला झाकणे आहेत तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचे नको. बॅटरीजवळ विडी पेटवू नका, तिच्यातून निघणारा वायू स्फोटक असतो.

साधा मल्टिमीटर गावात एक असावा. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 च्या खाली गेली म्हणजे उतरली. इंजिन चालू असताना 14 च्या आसपास आकडा हवा. तो येत नसेल तर बॅटरी भरतच नाही. पट्टा ढिला आहे का ते बघा, मग डायनामोकडे वळा.

दुसरी परीक्षा: डोळ्यांनी

इंजिन जोरात फिरते, पण पेटत नाही. आता एक जण सेल्फ मारेल आणि दुसरा सायलेन्सरच्या टोकाशी उभा राहील. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारा, मध्ये मिनिटभर थांबा. नाही तर सेल्फही जळेल आणि बॅटरीही बसेल.

धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर आहे, म्हणजे डिझेल पोचते पण पेटत नाही. काळा धूर आहे, म्हणजे बहुधा हवा कमी पडते.

धूर नसेल तर

आधी टाकीत काठी घालून बघा, काटा खोटे बोलतो. मग इंजिन बंद करायची दोरी बघा. ती अडकली असेल तर पंपावरचा खटका बंदच राहतो. काही गाड्यांत दोरीऐवजी सोलेनॉइड असतो. किल्ली ‘ऑन’ केली की पंपापाशी ‘टक’ वाजले पाहिजे. वाजले नाही तर त्याची वायर निघाली आहे का ते बघा. या तपासण्यांना एक पैसा लागत नाही.

पुढे फिल्टर. पंप लांब असल्याने आपण डिझेल डबक्यांतून, ड्रममधून आणतो. त्यात पाणी उतरते. फिल्टरच्या तळाचा बोल्ट ढिला करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढा आणि तासभर ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसेल. ते निथळून टाका.

गाडी चालू होऊन लगेच बंद पडत असेल, तर लाइनने हवा धरली आहे. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला करा आणि फीडर पंपाचा हातखटका मारत राहा. आधी फेस येईल, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. पुन्हा पुन्हा हवा धरत असेल, तर एखादी नळी चिरली आहे किंवा वॉशर गेला आहे. तो शोधा.

एक सूचना. नोझलच्या नळीजवळ बोट नेऊ नका. दाबातले डिझेल कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात जाऊ शकतो. तसे झाले तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. आणि गाडी ‘कॉमन रेल’ जातीची असेल, तर नोझलच्या नळ्यांना पानाच लावू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. ट्रकच्या टायरमध्ये आठ बारच्या आसपास असतो, यावरून समजा.

पांढरा आणि काळा धूर

डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पांढरा धूर आला तर हीटर प्लग तपासा. प्लगची वायर सोडा. टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या अधिक बाजूला आणि दुसरे प्लगच्या डोक्याला लावा. दिवा लागला तर प्लग बहुधा चांगला, नाही लागला तर मेला. चारांपैकी दोन मेले असतील तर दोनच बदला. डिझेलमधल्या पाण्यानेही पांढरा धूर येतो, म्हणून बाटलीची परीक्षा इथेही करा.

काळा धूर असेल तर हवेचा फिल्टर उघडा. कापसाचा तंतू, धूळ, कधी उंदराचे घरटेही निघते.

एवढे सगळे ठीक असून इंजिन नेहमीपेक्षा हलके, सुळसुळ फिरत असेल, तर दाब गेला आहे. रिंग, व्हॉल्व्ह किंवा टायमिंगचा पट्टा. इथे सेल्फ मारणे थांबवा आणि मिस्त्रीला बोलवा. हे काम त्याचेच आहे.

हवेच्या तोंडात पेट्रोल किंवा ईथर मारू नका. तापलेल्या हीटर प्लगवर त्याचा भडका होतो आणि पिस्टन फुटू शकतो. थंडीत इंजिनाखाली पेटता बोळा धरायची सवयही सोडा. गाडीही जाईल आणि वरचा कापूसही. ताडोब्याच्या किंवा अहेरी-सिरोंच्याच्या जंगल रस्त्यावर अंधारात गाडी बसली, तर उतरून पायी निघू नका. काचा लावून आत बसा, येणाऱ्या गाडीला लाइट दाखवा.

गावाने काय करावे?

प्रत्येक गावात एक पिशवी करा: पान्यांचा संच, टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, पॉलिश पेपर, काचेची बाटली, एक जादा डिझेल फिल्टर. खर्च दहा घरांत वाटला तर जड नाही. सोबत एक वही ठेवा. काय तपासले, काय निघाले, तारखेसह लिहा. मग मिस्त्रीला नुसते ‘गाडी चालू होत नाही’ असे न सांगता ‘सेल्फ जोरात फिरतो, धूर नाही, फिल्टरपर्यंत डिझेल येते, पंपाच्या पुढे नाही’ असे सांगता येईल. मिस्त्री तेवढेच काम करील आणि तेवढेच बिल मागेल.

उत्पादन खर्चाचा हिशेब मांडायला आपण बैठकांतूनच शिकलो. गाडीचा हिशेबही तसाच शिकायचा आहे. जेवण झाल्यावर मैदानात तीन जुन्या गाड्या उभ्या केल्या आहेत. हवा कशी काढायची आणि हीटर प्लग कसा बघायचा, ते प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करूनच गावाकडे निघावे. मायबहिणींनीही मागे उभे राहू नये. रात्री-बेरात्री गाडी काढायची वेळ त्यांच्यावरही येते.