ओल्या खोबऱ्याची चटणी



भोर-वेल्ह्याच्या घरांत खुरासणीची चटणी नेहमीचीच.
आज मात्र इडली-डोशाबरोबरची,
ओल्या खोबऱ्याची दाक्षिणात्य चटणी करू या.

वरंध घाट उतरला की कोकण.
त्यामुळे नारळ आपल्याला काही परका नाही.
घेताना कानाशी हलवून बघा.
आत पाणी वाजलं पाहिजे.
डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी नको.

वाटीभर खोबरं खवून घ्या.
पाठीची तपकिरी साल त्यात येऊ देऊ नका.
मग चटणी पांढरीशुभ्र होते.

त्यात दोन चमचे डाळं,
दोन हिरव्या मिरच्या,
आल्याचा छोटा तुकडा आणि मीठ.
डाळं यापेक्षा जास्त नकोच.
खोबऱ्याची चव दबते.

आता महत्त्वाचं.
मिक्सर थांबत थांबत फिरवा.
पाणी गार घ्या, आणि थोडं थोडं घाला.
सलग फिरवलं, तर भांडं तापतं.
खोबऱ्याला तेल सुटतं.
म्हणून पुन्हा सांगते,
थांबत थांबत, आणि गार पाणी.

वीज गेली, तर पाटा-वरवंटा काढा.
त्यावरची चटणी मला तरी जास्त आवडते.

आता फोडणी.
तेलात मोहरी तडतडू द्या.
मग उडदाची डाळ, लालसर होईपर्यंत.
शेवटी सुकी मिरची आणि कढीपत्ता.
ही फोडणी चटणीवर ओता.
चटणी गॅसवर मात्र ठेवू नका.

ओलं खोबरं लवकर आंबतं.
सकाळी केलेली चटणी दुपारच्या जेवणापर्यंत संपवून टाका.