शून्य मात्रेची टाकी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



निवृत्त माणसाच्या हाती माईक आला की तो लवकर सुटत नाही, म्हणून आधीच सांगतो, एकच गोष्ट सांगून बसणार आहे.

जीवशास्त्राच्या सरांनी हिप्परग्याच्या तलावातला बोटभर मासा ओल्या कापसात गुंडाळून त्याची शेपटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती, आठवतंय? शेपटीत रक्त पळताना दिसत होतं. मागच्या बाकावरचे आपले एक पैलवान डोळे मिटून बसले होते. ते आज इथे आहेत, नाव सांगत नाही.

पुढे नोकरीत त्याच रक्तावर माझं पोट भरलं. किरणोत्साराचा माशांवर काय परिणाम होतो, हे आम्ही तपासायचो. माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, आपल्या नसतं. त्यामुळे रक्ताच्या एका थेंबातही डीएनएची मोडतोड पाहता येते. कोबाल्ट-60 चे गॅमा किरण ठरलेल्या मात्रेत द्यायचे, मग पेशी जेलमध्ये बसवून वीज सोडायची. तुटलेला डीएनए केंद्रकाबाहेर ओढला जातो आणि धूमकेतूसारखी शेपटी दिसते, म्हणून ही ‘कॉमेट’ चाचणी. गोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये याच चाचणीने दोन जातींच्या शिंपल्यांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातली एक जात म्हणजे आपण कोकणात गेल्यावर ताव मारतो त्या तिसऱ्या.

लोक हमखास विचारतात, असा मासा खाल्ला तर? बाहेरून गॅमा किरण लागल्याने मासा किरणोत्सारी होत नाही. पाण्यातच सीझियम-137 मिसळलं तर मात्र ते स्नायूंत, म्हणजे आपण खातो त्याच भागात, साठतं. (आमचे मासे तरीही कोणी खाल्ले नाहीत.)

तर एका सोमवारी गेलो, तो शून्य मात्रेच्या टाकीतले सगळे मासे उलटे तरंगत होते. ज्यांना किरण दिलेच नव्हते, ते! आदल्या दिवशी मीच त्यात नळाचं ताजं पाणी भरलं होतं, क्लोरीनसकट. सोलापूरच्या माणसाने ही चूक करावी? आपल्याकडे नळाची वाट दिवस मोजून बघायची. आईच्या पिंपातल्या शिळ्या पाण्यात ते मासे मजेत जगले असते.

तुलनेची टाकीच गेल्यावर बाकीच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. मागच्या प्रयोगातले शून्य मात्रेचे आकडे माझ्या वहीत होते. ते मी तक्त्यात भरले. आकडे खरेच होते, फक्त या माशांचे नव्हते. तक्ता रात्रभर टेबलावर होता आणि मला झोप नव्हती.

सरांनी माझ्या जर्नलमधल्या बेडकाच्या आकृतीवर लाल काट मारली होती. ती मी पुस्तकातून उतरवली होती. “तुझ्या बेडकात हे दिसलं का रे?” एवढंच विचारलं होतं त्यांनी.

सकाळी तक्ता फाडला. तीन महिन्यांचं काम पुन्हा केलं. त्या वर्षी बढती हुकली, घरी कारण दुसरंच सांगितलं.

सर, ते जर्नल अजून माझ्याकडे आहे. आणि बढतीचं खरं कारण आमच्या सौभाग्यवतींनाही आत्ता, इथेच कळतंय.