हरण्या रोग आणि आरएनएची फवारणी

केळीवरचा हरण्या रोग काकडीच्या मोझॅक विषाणूमुळे, म्हणजे सीएमव्हीमुळे होतो. तीन तुकड्यांतला आरएनए आणि त्याभोवती प्रथिनाचे कवच, एवढाच हा विषाणू. व्यास सुमारे 29 नॅनोमीटर. ऑगस्ट-सप्टेंबरच्या ढगाळ, झडीच्या हवेत पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या मृगबागेच्या कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पाने आकसतात, पोंगा सडतो. काकडी, मिरची, टोमॅटो आणि बांधावरची तणे यांच्यावरून मावा तो केळीवर आणतो. जळगावजवळच्या असोद्यासारख्या गावात भरताची वांगी, भाजीपाला आणि केळी जवळजवळ असतात, तिथे हे विसरून चालत नाही. लागण झालेल्या झाडाला औषध नाही. कीटकनाशकाने मावा मरतो, पण मरण्याआधी काही क्षण सोंड खुपसली तरी विषाणू झाडात उतरलेला असतो.

विषाणूशी लढण्याची सोय झाडातच आहे. दुपदरी आरएनए दिसला की पेशी त्याचे बारीक तुकडे करते आणि त्या तुकड्यांशी जुळणारा आरएनए शोधून कापते. ही यंत्रणा अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये एका सूक्ष्म कृमीत उलगडली. 2006 चे नोबेल त्यासाठीच मिळाले. सीएमव्ही मात्र ‘2बी’ नावाचे प्रथिन तयार करून झाडाची हीच यंत्रणा लुळी पाडतो. म्हणून ‘2बी’च्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए आधीच पानावर फवारायचा, ही कल्पना. आधीच. रोग दिसल्यावर नव्हे.

अडचण आरएनएच्या नाजूकपणाची आहे. उघडा आरएनए पावसाने धुऊन जातो, उन्हात आणि जंतूंच्या विकरांपुढे काही दिवसांत संपतो. चर्चा नेहमी औषधाची होते, ते पोहोचवणाऱ्या वाहकाची होत नाही. खरे काम वाहकावर अडलेले असते.

क्वीन्सलँड विद्यापीठातील नीना मित्तर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये यावर चिकणमातीसारख्या नॅनोपत्र्यांचा उपाय मांडला. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचे हे थर धनभारित असतात, आरएनए ऋणभारित. दोघे घट्ट धरून राहतात. केळफुलाची रचना नजरेसमोर आणावी. प्रत्येक तांबड्या पाकळीखाली एक फणी झाकलेली असते. पाकळी उलटते, गळते, मग फणी उघडी पडते, आणि सगळ्या पाकळ्या एका दिवशी गळत नाहीत. नॅनोपत्रेही हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि ओलाव्याने हळूहळू विरतात आणि आरएनए थोडा थोडा सुटत राहतो. पाकळी अकाली ओरबाडली तर फणी कोवळेपणीच उघड्यावर येते. उघड्या आरएनएचे तसेच होते. चवळी आणि तंबाखूवरील प्रयोगांत एका फवारणीने 20 दिवसांपर्यंत संरक्षण दिले, 30 दिवसांनीही पानावर आरएनए सापडला. फवारणीनंतर फुटलेल्या नव्या पानांनाही त्याचा लाभ झाला.

माणसाच्या लसीतही वाहकाचेच महत्त्व. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या कोविडवरील एमआरएनए लसीला जून 2022 मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. तीही स्निग्ध नॅनोकणांच्या आधारानेच पेशीत पोहोचते, आणि कोरड्या पुडीच्या रूपात असल्याने 2 ते 8 अंशांत, साध्या फ्रिजमध्ये टिकते.

केळीबाबत दोन प्रश्न उरतात. केळीचे पान मेणचट असते, त्यावर फवारा कितपत टिकेल? आणि एकरी खर्च किती येईल? चवळी-तंबाखूवरचे निष्कर्ष जसेच्या तसे केळीला लावणे घाईचे ठरेल. हे प्रयोग जळगावच्याच मातीत, मृगबाग आणि पावसाळा सरताना लावली जाणारी कांदेबाग, दोन्हींवर व्हायला हवेत. तोवर केळीत काकडीवर्गीय आंतरपीक टाळावे, बांध तणमुक्त ठेवावेत, आणि पट्टे दिसताच ते झाड कंदासह उपटून बागेबाहेर पुरावे.