उशिरा उघडलेल्या फायली

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



वार्षिक समारंभात शिक्षकाने शिक्षणाचे महत्त्व सांगावे अशी प्रथा आहे. ते आपण दरवर्षी ऐकता. म्हणून आज मी एका खून-खटल्याची हकीकत सांगणार आहे. शाळेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण या हकीकतीच्या आरंभी शाळकरी मुली आहेत आणि शेवटी शाळकरी मुलेच आहेत.

अमेरिकेच्या दक्षिणेस अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम नावाचे शहर आहे. तेथे गोऱ्यांच्या व काळ्यांच्या शाळा वेगळ्या, उपाहारगृहे वेगळी, पाणी प्यायचे नळसुद्धा वेगळे. हा भेद मोडण्यासाठी १९६३ च्या मे महिन्यात काळ्या समाजाची हजारो मुले रस्त्यावर उतरली. त्यांच्यावर पोलिसांनी कुत्रे सोडले, बंबाच्या पाण्याचा मारा केला. ही मुले जेथे जमत, ते ठिकाण म्हणजे सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्च.

१५ सप्टेंबर १९६३, रविवार. आपली मुले सकाळी मदरशात जातात, तशी तिकडची मुले रविवारी चर्चच्या वर्गाला जातात. त्या दिवशी प्रार्थनेत मुलांचा विशेष भाग होता. तळघरातील खोलीत काही मुली कपडे नीटनेटके करीत होत्या. सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी बाहेरच्या पायऱ्यांखाली ठेवलेला बॉम्ब उडाला. अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या तिघी चौदा वर्षांच्या आणि डेनिस मॅकनेर अकरा वर्षांची. चौघी जागीच गेल्या. आणखी एका मुलीचा डोळा गेला.

हे कृत्य कोणाचे, हे शहरात अनेकांना ठाऊक होते. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेतील चार माणसांची नावे १९६५ सालीच एफबीआय या केंद्रीय तपासखात्याच्या कागदावर आली होती. एका संशयिताच्या स्वयंपाकघरात खात्याने गुप्तपणे यंत्र बसवून त्याचे बोलणे फितीवर घेतले होते. एवढे असूनही खात्याचे प्रमुख एडगर हूवर यांनी, खटला जिंकण्याची आशा नाही असे म्हणून तो भरू दिला नाही. १९६८ साली फाईल बंद झाली. फिती कपाटात गेल्या.

ज्यूरीत गोरेच बसत आणि गोऱ्याला सोडून देत, हे खरे. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला हाल करून मारणाऱ्या दोघांना ज्यूरीने तासाभरात निर्दोष ठरवले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन गुन्हा कबूल केला! एकदा सुटल्यावर पुन्हा खटला होत नाही, हे त्यांना माहीत होते. तरीसुद्धा मला वाटते, पुरावा हाती असताना तो दडवून ठेवणे हे ज्यूरीच्या पक्षपाताहून वाईट. ज्यूरीचे तोंड निदान दिसते. कपाटाचे दिसत नाही.

१९७१ साली बिल बॅक्सली हे तरुण वकील अलाबामा राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल झाले आणि त्यांनी प्रकरण पुन्हा हाती घेतले. केंद्राच्या खात्याकडून कागद मिळवण्यातच त्यांची काही वर्षे गेली, आणि त्या फितींची तर त्यांना दादच लागू दिली नाही. अखेर १९७७ साली रॉबर्ट चँब्लिस याला जन्मठेप झाली. त्याच्याविरुद्ध साक्ष दिली ती त्याची भाची लागणाऱ्या एका स्त्रीने. साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या वा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायाने द्यावी, हा सूरह निसातील हुकूम आपण जाणतो. जाणणे सोपे आहे. क्लॅनचे लोक आसपास राहत असताना त्या बाईने कोर्टात उभे राहणे, हे किती कठीण असेल याचा विचार करा.

हा खटला पाहण्यासाठी कायद्याचा एक विद्यार्थी कॉलेजचे तास चुकवून कोर्टात येऊन बसे. (विद्यार्थी मित्रांनी यातून सोयीस्कर अर्थ काढू नये.) त्याचे नाव डग जोन्स. पुढे तोच तेथे सरकारी वकील झाला. बंद फितींचा पुरावा आता न्यायालयात वाजवला गेला, आणि २००१ साली थॉमस ब्लँटन व २००२ साली बॉबी चेरी यांना जन्मठेप झाली. चेरीविरुद्ध त्याची नातच उभी राहिली. गुन्ह्याला तोवर अडतीस-एकोणचाळीस वर्षे झाली होती. चौथा संशयित १९९४ सालीच मरण पावला होता. त्याच्यावर कधी आरोपपत्रही ठेवले गेले नाही.

हे प्रकरण निदान कोर्टात तरी गेले. अशी कित्येक गेलीच नाहीत. २००८ साली एमेट टिलच्या नावाने कायदा झाला आणि न्यायखात्याने शंभराहून अधिक जुन्या हत्या पुन्हा तपासायला घेतल्या. बहुतेक ठिकाणी आरोपी आणि साक्षीदार दोघेही मरून गेलेले. फाईल पुन्हा बंद! मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांना मग एवढेच हवे होते, की आमच्या माणसाचे काय झाले ते तरी वाचू द्या.

येथे हकीकत शाळेत येते. न्यू जर्सी राज्यातील हाइट्सटाउन येथील हायस्कुलात २०१५ साली नागरिकशास्त्राच्या वर्गाने या हत्यांचा अभ्यास सुरू केला. आपल्या २००५ च्या माहिती अधिकारासारखा कायदा तिकडेही आहे. मुलांनी त्याखाली कागद मागितले. कागद आले, पण मजकूर काळ्या शाईने झाकलेला. तेव्हा शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनी नव्या कायद्याचा मसुदाच लिहिला: १९४० ते १९७९ या काळातील अशा प्रकरणांचे कागद एकत्र करावे आणि ते उघड करायचे की नाही हे खात्याने नव्हे, स्वतंत्र मंडळाने ठरवावे. मसुदा घेऊन ती लोकप्रतिनिधींकडे गेली. एक तुकडी पास होऊन बाहेर पडली की पुढची ते काम उचले.

सिनेटमध्ये तो मसुदा मांडणारे सभासद होते तेच डग जोन्स. ८ जानेवारी २०१९ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. मंडळाचे सदस्य मंजूर व्हायला मात्र २०२२ साल उजाडले. सरकारी काम तिकडेही आपल्याच चालीने चालते.

पालकहो, परीक्षेला किती मार्कांना येते, असे नागरिकशास्त्राविषयी आपण विचारता. या वर्षी नववीच्या तासाला आम्ही माहितीचा अर्ज कसा लिहावा, नकार आला तर अपील कुठे करावे, हे प्रत्यक्ष कागदावर करून पाहणार आहोत. ज्या पालकांना वर्गात येऊन बसायचे असेल, त्यांनी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन जरूर यावे. शेवटच्या बाकावर जागा आहे.